डावा फेर

"फेर उजवीकडे फिरला की लग्न, डावीकडे फिरला की मयत, आणि मधे जरा थांबलं की ते आपलं जगणं, पण थांबू कोण देतं?" असं गोइसावा एकदा म्हणाली होती. बेलोसालिचांच्या मुलीचं लग्न होतं, तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि धाप लागलेली असूनही ती पुढचा फेर धरायला निघाली होती.

बेलोसालिच हे आमच्या खोऱ्याचे धनी. त्यांच्या आज्याने राजाचा घोडा नेरेत्वा नदीच्या पुरातून पलीकडे नेला आणि तो सरदार झाला. घोडा पोहत होता आणि आजा शेपटीला लोंबकळत होता, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. बापाने एकाच उन्हाळ्यात दोनदा बाजू बदलली आणि दोन्ही बाजूंकडून जमीन मिळवली. नंतर लग्नं झाली, भाऊ भावांवर धावून गेले, काही लढाईत पडले. प्रत्येक वेळी फेराच्या पुढे गोइसावा. ते घराणं कसं चढलं आणि कसं खचत गेलं, हे तिच्या टाचांना ठाऊक होतं. तिचा नवरा त्यांचं निशाण घेऊन लढाईला गेला, तो परत आला नाही, निशाणही आलं नाही. त्याच्यासाठी कुणी फेर धरला नाही. आमच्यासारख्यांच्या वाट्याला माती येते, थडग्यावरचा दगड येत नाही.

म्हाताऱ्या धन्याला पुरलं त्या दिवशी गारा पडत होत्या. सगळे पांगायला लागले, पण गोइसावाने फेर मोडू दिला नाही. तेव्हा धन्याचा मुलगा प्रिबिसाव, म्हणजे आताचे धनी, सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या दगडावर फेर कोरतील ना, त्याच्या पुढे तू असशील."

त्या दिवसापासून तिची मान ताठ झाली. जात्यावर, झऱ्यावर, मेंढ्यांच्या धारा काढताना, तिचा एकच विषय. बायका चिडवायच्या, "सरका गं, दगडावरची बाई आली." ती म्हणायची, "सरकाच. तुमची नातवंडं मला हात लावून बघतील."

आमच्याकडे सरदार आपला दगड जिवंतपणीच करून घेतात. प्रिबिसाव धन्यांचा दगड हिवाळ्यात बर्फावरून ओढून आणला, घराएवढा नाही तरी घरासारखा दिसणारा. वसंतात ओब्राद पाथरवट आला. त्याने घोडा कोरला, हरिण कोरलं, आणि फेरापाशी येऊन अडला.

"पाय कसे पडतात ते बघितल्याशिवाय जमायचं नाही, धनी. हरिण काही नावं ठेवत नाही. माणसं ठेवतात."

"मग आपली माणसं नाचून दाखवतील की," धनी म्हणाले.

मालकीण येलाबाई दचकल्या. "जिवंत माणसाभोवती डावा फेर? अहो, मराल."

"मरणारच आहे. दगड काय मेंढीचं चीज सुकवायला आणलाय?"

आणि ते वाइनचा बुधला घेऊन आपल्याच दगडावर पाय सोडून बसले.

आम्ही हात धरले. मयताच्या फेराला गाणं नसतं, वाद्य नसतं, फक्त पावलं. गोइसावा पुढे, डोळे मिटलेले, एवढी गंभीर की मला खरंच धन्यांची दया आली. एक वळसा झाला. मग वर बसलेल्या मयताला उचकी लागली.

कुणीतरी फिसकन हसलं. मयतात हसायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी ओठ चावले, आणि ओठ चावल्यामुळे हसू पोटात गेलं, पोटातून गुडघ्यांत उतरलं, गुडघ्यांतून पावलांत. फेर पळायला लागला. डोंगर गेला, मेंढ्या गेल्या, धन्यांचे जोडे गेले, पुन्हा डोंगर, पुन्हा जोडे. मरण मधोमध बसून उचक्या देत होतं आणि आम्ही त्याच्याभोवती भोवऱ्यासारखे गरगरत होतो. उलटं फिरलं की आयुष्यही उलटं सुटत असेल, कारण म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवरून वर्षं गळताना मी पाहिली. गोइसावाचा रुमाल उडाला. ती सुद्धा हसत होती.

तेवढ्यात धन्यांनी उडी मारली आणि पुढे होऊन तिचा मोकळा हात पकडला.

"धनी, मयताने फेरात यायचं नसतं," ती ओरडली.

"माझंच मयत आहे ना, मग मी काय पाहुणा?"

ते पुढे, ती मागे, तिच्यामागे आम्ही, सगळं खोरं चक्कर येऊन गवतात कोसळेपर्यंत.

उठलो तेव्हा ओब्रादने कोळशाने दगडावर फेर काढलाही होता. पुढे धनी, सगळ्यांहून मोठे, एक हात कमरेवर.

"ओब्राद," गोइसावा म्हणाली, "पुढे मी आहे."

"बाई, जे बघितलं ते काढलं."

ती धन्यांकडे वळली. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना. नाही कुठे म्हणतो?" धनी अजून धापा टाकत होते, त्यांची नजर चित्रावरून हलत नव्हती. "पण बघ तरी, मी कसा दिसतोय. आमच्या घराण्यात इतक्या खुशीत कुणी मेलं नाही, गं. आणि तू आहेसच की, माझा हात धरून."

"तू दुसरी तरी आहेस," येलाबाई म्हणाल्या. "मी कुठेच नाही."

पुन्हा हशा पिकला. धन्यांनी हात पुढे केला. "ये, अजून एकदा. ओब्रादला पाय नीट दिसू देत."

आमचे हात जोडले गेले होते, पावलं वळवळत होती, सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. गोइसावाने गवतातून रुमाल उचलला, झटकला, डोक्याला बांधला. धन्यांच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून ती मेंढ्यांमधून वाट काढत उतारावरून खाली निघून गेली.