मोहाखालचं सेमाडोह

वलगावात आमच्या घराची भिंत माळ्यांच्या घराला लागून. तिकडे मेथीच्या जुड्या बांधल्या की वास आमच्या चुलीपर्यंत येतो. मी मास्तर आहे त्या शाळेतही मुलं मांडीला मांडी लावून बसतात. या दाटीला मी विटलो होतो, म्हणून शाळाखात्याच्या कचेरीने मेळघाटात जायला सांगताच हो म्हणालो. चौरस मैलामागं वलगावात माणसं किती आणि सेमाडोहात किती, हे मांडून द्यायचं. तिकडची वस्ती फारच विरळ निघाली तर तिथली एकुलती शाळा बंद होणार होती.

वलगावहून परतवाड्यापर्यंत मोटार, आठ आणे. पुढे दोन दिवस बैलगाडी. जाणाऱ्यांनी भाकरी आणि ठेचा बांधून घ्यावा, वाटेत चहासुद्धा मिळत नाही. परतवाड्यापर्यंत एक गाव संपलं की दुसरं लागतं. घाट चढल्यावर मात्र तासन्‌तास माणूस दिसत नाही. पहिल्या दिवशी मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी गाडीवानाशी उगाचच बोलत बसलो.

तिसऱ्या सकाळी सेमाडोहात पोचलो तर बहुतेक झोपड्या रिकाम्या. मी आपला वहीत शून्यं मांडत सुटलो. शेवटच्या अंगणात सकरीबाई नावाची कोरकू म्हातारी भेटली.

"काय करून राहिले, मास्तर?"

"माणसं मोजतो."

"मंग घरात काहून मोजता? मोहं पडून राहिले. चला."

रानात मोहाच्या झाडांखाली अख्खं गाव बिऱ्हाडं मांडून बसलेलं. हंगाम सरेपर्यंत ते तिथंच राहतात. फुलं वेचणाऱ्या पोरांची आमच्या बाजारासारखी दाटी. मला माझीच लाज वाटली. शून्यं खोडून पुन्हा मोजणी केली. तरीही एवढ्या जंगलाच्या मैलांनी भागल्यावर माणसं नावापुरतीच उरली. तसं सकरीबाईला सांगितलं.

"जंगलाले काहून मोजता? जंगल शाळंत येते का?" ती म्हणाली. "माह्या नातवाले आता नाव लिवता येते."

तिचं वाक्य मी अहवालात जसंच्या तसं उतरवलं.

घरी परतल्यावर शेजारची भांडणंही गोड वाटली, हे कबूल करतो. महिन्याभराने कचेरीचं उत्तर आलं. शाळा राहील, पण तिथला मास्तर बदली घेऊन गेला आणि त्याच्या जागी जायला दुसरा कोणी मास्तर तयार नाही. मिळाला नाही तर बंद. मी तो कागद बायकोला वाचून दाखवला.

"जाचं असन तं आताच सांगा," ती म्हणाली. "तुळशीले पाणी घालाले शेजारणीले सांगा लागन."

भिंतीपलीकडून मेथीचा वास येत होता. तो सोडून जायचं जिवावर आलं. अर्ज मात्र त्याच दुपारी लिहिला.