सैल ओळ

अलिबागच्या एका लहानशा छापखान्यात विश्वंभर खिळे जुळवायचा. मूळचा रेवदंड्याचा. वाडीतली सुपारी थोरल्या भावाने सांभाळली आणि हा शिशाच्या अक्षरांत येऊन पडला. डाव्या हातात पितळी पट्टी धरायची, उजव्याने एकेक अक्षर उचलून तीत उभं करायचं. साप्ताहिकाच्या रकान्याची रुंदी ठरलेली; ओळ तेवढ्यात काठोकाठ बसली पाहिजे. कमी पडली तर शब्दांमध्ये कोरे खिळे सरकवायचे. कुठे सैल राहिली, की चौकटीत आवळलेलं पान उचलताना अक्षरं गळणार.

छप्पन सालच्या श्रावणात त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. पुढे उजवं मनगट लुळं पडलं. डॉक्टरांकडून आल्यावर बायकोला, गोदावरीला, तो म्हणाला, "वात आहे. तेल लाव."

दिवाळीच्या अंकाचं पहिलं पान त्याने उचललं आणि ते मधोमध फुटलं. सगळी अक्षरं फरशीवर सांडली. मालक ओरडले नाहीत. "विश्वंभर, आता पुरे," एवढंच म्हणाले.

गोदावरी सातवी झालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकांपुढे उभी राहिली. "ह्यांच्या जागी मला घ्या. शिकवतील ते." दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून मालकांनी मान हलवली.

विश्वंभर शेजारी स्टुलावर बसून शिकवू लागला.

"सैल आहे. काढ."

ती काढायची, पुन्हा जुळवायची.

"अंगठ्याने दाबून बघ. हलतेय."

संक्रांत उलटली आणि तिच्या ओळी पक्क्या बसू लागल्या. एके दिवशी त्याने तिच्या हातातली पट्टी घेऊन तिरपी केली. एकही अक्षर हललं नाही. आता तरी शाबास म्हणतील, असं तिला वाटलं. त्याने पट्टी खाली ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. जमलं तुला."

त्यानंतर तो छापखान्यात आला नाही. तिच्याशी बोलेनासा झाला. ती ताट वाढायची, तो भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवायचा. शिमग्याच्या सुमारास तो रेवदंड्याला भावाकडे गेला, तो तिथेच राहिला.

वैशाखात एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला: जास्त झालंय. छपाईचा दिवस होता. मालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा."

"पान आवळून जाते," ती म्हणाली. मनात राग होताच. दुपारची गाडी धरून ती पोचली, तोवर पुरुष स्मशानातून परत आले होते.

जाऊ, आनंदीबाई, तिच्याजवळ बसली. "काल रात्रीपासून दाराकडे बघत होते गं. शिसं अंगात भिनलं तर दुसरं काय होणार!"

"शिसं? वात होता ना?"

"डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, काम सोडा म्हणून. तुला बोलले नाहीत?"

गोदावरी आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिली. तिला रडू आलं नाही. सगळं ठाऊक असून त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर ती अलिबागला परतली आणि मालकांना तिने सगळं सांगितलं. ते वरमले. "वहिनी, दुसरं एखादं काम बघता का?"

"कुठलं?"

मालक हिशेबाच्या वहीकडे वळले. गोदावरीने पट्टी हातात घेतली. समोर तांदळाच्या भावांचा मजकूर होता. तो तिने रकान्यात बसवायला घेतला.