उतरणीचे बाण

"तो ब्रश जागच्या जागी ठेव."

"अहो ताई, ब्रश मागतेय, तुमची जहागीर नाही."

"ठेव म्हटलं ना. दुकानात ढिगाने मिळतात."

"दुकानातले सरळ असतात. तुमचा कसा बरोबर तिरका झिजलाय. बाणाचं टोक काढायला..."

"झिजला नाही, झिजवलाय. मी. खडकावर घासघासून. एकेकाला आयत्या बिळावरचा नागोबा व्हायची सवयच लागलीय."

मागच्या खोलीत, रंगाचे डबे आणि चिखलाचे बूट यांच्या मधोमध दोघी जावा उभ्या होत्या. ब्रशची मूठ थोरलीच्या हातात, केस धाकटीच्या. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, मधोमध तोडा आणि अर्धा अर्धा घ्या एकदाचा!"

"आई, तुम्ही यात पडू नका," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसात दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

धाकटीने ब्रश सोडला, पण विषय सोडला नाही. "नवी वाट मला मिळाली हे तुमच्या पोटात दुखतंय. ब्रश नुसतं निमित्त."

"माझ्या पोटात? मला कशाला दुखेल? जे येतंय ते मीच शिकवलंय तुला."

"काय शिकवलंत हो? वर पोचलं की तुमचं ठरलेलं, 'तू हो पुढे, गाडीरस्त्याने जा, आईंच्या औषधाची वेळ झाली.' चढताना डबा धरायला मी. उतरताना मात्र तुमच्या तुम्ही."

"मग औषध कोण देणार होतं?"

"वाटलंच मला!" धाकटीने बाण कापलेला आपला पत्र्याचा साचा काखेत मारला. "रविवारी वाट उघडतेय. तेव्हा सगळे बघतीलच." आणि ती दार आपटून वनखात्याच्या ऑफिसात पाट्या रंगवायला गेली.

थोरलीला डोंगरात सगळे बाणवाली म्हणत. जंगलातल्या पायवाटांवर खडकांवर, झाडांच्या बुंध्यांवर जे पिवळे बाण दिसत, ते सगळे तिच्या हातचे. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. पण एका झऱ्याच्या शेवाळावर त्याचा पाय सटकला, गुडघा कायमचा गेला, आणि त्याला पायथ्याच्या तिकीटखिडकीत बसवलं. डबा उचलून बायको निघाली. लोक हसले. बाईमाणूस, कमरेला डबा लटकवून कडे चढणार! पहिल्याच दिवशी पहिल्याच बाणाखाली ब्रशमधून एक थेंब ठिबकला. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. दुसऱ्या बाणाखाली तिने मुद्दाम ठिपका दिला, पहिली चूक एकटी पडू नये म्हणून. पुढे तो ठिपका तिची सहीच झाला. शहरातून येणारे लोक त्या वाकड्या पिवळ्या बाणांशेजारी उभे राहून फोटो काढत. "येडे कुठले," ती म्हणे, आणि घरी येऊन तीच गोष्ट आठवडाभर सांगे.

नवऱ्याने तिला एकच नियम घालून दिला होता. चढताना रंगवायचे ते बाण निम्मेच. मग माथ्यावरून फिरायचं आणि उतरता उतरता त्याच खडकांच्या पाठी रंगवायच्या. त्या बाणांना तो 'घरचे बाण' म्हणे. "जाताना माणूस हौसेने जातं गं, चुकलं तरी हसतं. परत येताना दमलेलं असतं, अंधाराला घाबरलेलं असतं. तेव्हा बाण लागतो."

दीर लग्न करून धाकटीला घेऊन आला आणि ती डबा धरायला लागली. हात सुबक. ऑफिसातल्या साहेबांनी एकदा तिने रंगवलेली पाटी पाहिली आणि घळीतून धबधब्याकडे जाणारी नवी वाट तिच्या नावावर केली. थोरली साहेबांपुढे म्हणाली, "चांगलंच झालं की." पण साहेब तिथे थांबले नाहीत. "ही नीट झाली की तुमच्या जुन्या वाटाही हळूहळू त्यांच्याच साच्याने करून घेऊ. सगळं एकसारखं दिसेल."

एकसारखं! म्हणजे तिचे पिवळे बाण खरवडून त्यावर हिचे पांढरे. त्या दिवशी घरी तिने ताटं अशी मांडली की सासूबाईंनी विचारलं, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

तर धाकटीने दार आपटल्यावर थोरलीने बूट चढवले. "साबण आणते," असं सासूबाईंना सांगितलं आणि दुकानाच्या बरोबर उलट्या दिशेला चालू लागली. तिला नवी वाट बघायची होती. खरं सांगायचं तर वाट नव्हे, खोट बघायची होती. एक तरी.

पहिला बाण जांभळीच्या बुंध्यावर होता. पांढराशुभ्र, कडा सुरीने कापल्यासारख्या. तिने नखाने खरवडून पाहिला. रंग पक्का! दुसरा, तिसरा, तेच. घळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी ओले कडे जवळ आले, नेचे अंगाला लागायला लागले, आणि प्रत्येक वळणाला, मान वर केली की डोळ्यांसमोर बाण हजर.

"जास्तच काढलेत," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला एक खंड्या होता, तो उडून गेला.

झऱ्यापाशी ती ओंजळीने पाणी प्यायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिला समोरच्या दगडावर एक छोटा बाण दिसला. उभ्या माणसाला तो दिसलाच नसता. पाणी पिणाऱ्यासाठी म्हणून काढलेला! हे आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही. पाणी बर्फासारखं होतं, पण तिला ते गिळताना मिरची गेल्यासारखं झालं.

शेवटच्या वळणावर धबधबा आला. तीन पायऱ्यांनी उतरणारा, मधल्या पायरीवर फुटून पिसासारखा झालेला. ती बघत राहिली. मग पुटपुटली, "आणि हा हिच्या वाट्याला!"

ती परत फिरली, आणि फिरल्यावर समोरचा खडक कोरा दिसला.

आपलंच लक्ष नसेल, असं तिला वाटलं. पुढचा खडकही कोरा. त्याच्या पुढचं झाडही. एकेका खडकाला वळसा घालून तिने पाहिलं, चढणीच्या बाजूला देखणा बाण, उतरणीच्या बाजूला नुसतं शेवाळ. उतारावर एका ठिकाणी वाटेला फाटा होता. चढताना तो पाठीमागून येऊन मिळतो, दिसतसुद्धा नाही. उतरताना मात्र समोरून हात पसरून येतो, आणि जनावरांनी मळवलेली डावीकडची वाट खऱ्या वाटेपेक्षा रुंद दिसते. ती सरळ कड्याच्या टोकाला जाऊन संपते. तिथे बाण नाही!

"सापडली!" थोरली एवढ्या मोठ्याने हसली की घळीने ते हसू परत केलं. तिथेच दगडावर बसून तिने रविवारचं अख्खं नाटक मनात उभं केलं. साहेब घामाघूम, "अहो, आता कुठे?" लोक वैतागलेले, "हा कसला कारभार!" धाकटी साचा छातीशी धरून गोरीमोरी. आणि मग साहेब म्हणतात, "बाणवालीला बोलवा."

हे वाक्य तिने दोनदा म्हणून घेतलं. पण नाटक काही तिथे थांबेना. घोळक्यातली एक दमलेली बाई, कुणाची कोण, रुंद वाट बघून डावीकडे वळली. थोरलीने मनातल्या मनात तिला हाक मारली. ती वळून बघेना.

थोरली उठली. ही पोरगी अशी कशी विसरली? बिनडोक तर नाही. पाणी पिणाऱ्याचा विचार करणारी, परतणाऱ्याचा करत नाही? आणि मग सकाळचं बोलणं आठवलं. 'तू हो पुढे, गाडीरस्त्याने जा.' दरवेळी. धाकटीने बाणवालीला चढतानाच रंगवताना पाहिलं होतं. उतरताना ती सोबत कधी नव्हतीच. औषध हे आपलं सांगायला. सासूबाई औषध स्वतःच्या हाताने घेत आणि वर बाकीच्यांना वेळ सांगत. उतरण थोरलीने स्वतःजवळ ठेवली होती. ते घरचे बाण तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते, बस.

आता सांगावं, तर ही उद्या साचा घेऊन येणार, पाठीही पांढऱ्या करणार, आणि वाट सगळीच्या सगळी तिची होणार. न सांगावं, तर ती बाई डावीकडे वळते.

फाट्यावरच्या खडकावर तिने तळवा टेकला. खडबडीत, कोरडा, रंग धरणारा. "चढण तिची," ती म्हणाली. "उतरण माझी. पिवळी, वाकडी, ठिपक्याची. बघू कोण खरवडतं ते."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "साबण मिळाला?"

"संपला होता."

"दुकानातला साबण संपला, आणि बुटांना घळीतली लाल माती?"

"तुम्ही तिकिटं फाडा."

सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला वळण आहे हो. साहेबही म्हणतात." थोरलीने पाणी इतकं पटकन पिऊन टाकलं की ठसका लागला. धाकटी उठून तिच्या पाठीवर थोपटायला लागली. थोरलीने तिचा हात झटकला.

सकाळी ती मागच्या खोलीत पिवळ्या डब्याचं झाकण ठोकून बसवत होती. तिरका ब्रश खिळ्यावरून निघून तिच्या कमरेला लागला होता. दारात धाकटी येऊन उभी राहिली.

"ताई, काल तुम्ही माझ्या वाटेवर गेला होतात."

थोरली बुटाची नाडी बांधत राहिली.

"खोट काढायलाच गेलात ना? मग सापडली का?" तिचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "सापडली असेल तर सांगा की. हसा हवं तर, सगळ्यांसमोर हसा. पण उद्या माणसं येणार आहेत हो."

दुसरी नाडी.

धाकटीची नजर पिवळ्या डब्यावर गेली. "हा कशाला? तुमचं काम तर पलीकडच्या डोंगरावर आहे." मग तिने थोरलीच्या बुटांवरच्या लाल मातीकडे पाहिलं. सासूबाई आत खोकल्या. धाकटी हळूच म्हणाली, "वर पोचल्यावर... उतरताना तुम्ही काय करता, ताई? मी येऊ? आज आईंना औषध मी आधीच देऊन ठेवते."

थोरलीने डबा उचलला, तिच्या बाजूने वाट काढली, आणि दार मागे न ओढता तिच्यासाठी उघडंच ठेवून घळीच्या वाटेला लागली.