स्वतःच्या इच्छेने

"अट्ठाईस," सर म्हणाले आणि माझा पेपर टेबलावरून माझ्याकडे ढकलला. मी हात पुढे केला होता. पेपर हाताखालून गेला, टेबलाच्या कडेवरून खाली पडला. मी वाकून उचलला. वर्ग हसला.

बारावीची सहामाही. गणित. शंभरपैकी अठ्ठावीस. पास व्हायला तेहतीस लागतात.

"तुम्हें क्या टेन्शन है," सर म्हणाले. "तुम लोगों की तो सीट वैसे भी पक्की है. बस किसी तरह पास हो जाओ."

मागून कुणीतरी बाक वाजवला.

माझ्या आधी शबनमला बोलावलं होतं. तिला तीस. तिला म्हणाले, "तुम्हारे अब्बा को बोलो, लड़की को कुछ और सिखाएँ." माझ्यानंतर एकच पेपर उरला होता. करणचा. चोवीस. तो द्यायला सर स्वतः उठले. त्याच्या बाकापर्यंत गेले. पेपर हातात दिला, खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, सिली मिस्टेक्स हैं. संडे को घर आ जा, करा दूँगा."

करणच्या वडिलांनी शाळेला कॉम्प्युटर दिले होते. आख्खी लॅब.

शाळा नोएडात. नवं सेक्टर, नवी शाळा. रस्ते आखलेले होते, त्यांच्यावर दिवे अजून लागायचे होते. आजूबाजूला अर्धे बांधलेले फ्लॅट, सिमेंटच्या गोण्या. मधोमध आमची शाळा, काचेची, पोहण्याच्या तलावाची. बारावीची आमची पहिलीच बॅच.

दहावीपर्यंत मी दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत होते. बाबा अकोल्याकडचे, सरकारी ऑफिसात क्लार्क. आम्ही बौद्ध. ऑफिसच्या सोसायटीत बाबांना नोएडाला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला आणि त्यांनी ठरवलं, आता पोरगी इंग्लिश मीडियममध्ये शिकेल. कुणाकुणाला भेटून, हात जोडून त्यांनी ॲडमिशन मिळवलं.

मराठी शाळेत मला गणितात ब्याऐंशी होते. हे मी आज सांगते. तेव्हा कुणी विचारलंच नाही.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एक रेघ काढली, तिच्यावर दुसरी उभी. विचारलं, ये क्या है? मला येत होतं. मी उठून म्हणाले, "लंब."

"क्या? लंबू?"

वर्ग हशाने फुटला. वर्षभर माझं नाव लंबू. जीवा, स्पर्शिका, त्रिज्या, सगळे शब्द मला यायचे. पण तोंडातून बाहेर पडले की लोक हसणार हे कळल्यावर मी तोंड बंद केलं. तोंड बंद झालं की शंका विचारता येत नाहीत. शंका साचत जातात. गणितात एक पायरी सुटली की पुढची दिसतच नाही.

मग एक दिवस शाळेच्या ऑफिसातला क्लार्क वर्गात आला. दारातूनच ओरडला, "एससी वाले बच्चे हाथ उठाओ, स्कॉलरशिप का फॉर्म ले जाओ." मी हात वर केला. आख्ख्या वर्गात एकच हात. तोपर्यंत माझ्या आडनावावरून दिल्लीत कुणाला काही कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं. त्यानंतर सरांनी मला फळ्यापाशी कधी बोलावलं नाही.

ऑक्टोबरात बोर्डाचे फॉर्म जायचे होते. त्याआधी काही जणांच्या आईवडिलांना बोलावणं आलं. बाबांनी अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर आम्ही दोघं आणि आमच्या शेजारी शबनम, तिचे अब्बा. ते नव्या फ्लॅटांमध्ये लाकडी कपाटं बसवायचे. त्यांच्या केसांत भुसा होता. आणखीही एक-दोन आईबाप होते. करणचं कुणीच नव्हतं.

आम्हाला आधी आत बोलावलं. मॅडम बसलेल्या, सर बाजूला उभे. आम्हालाही कुणी बसा म्हणालं नाही.

"देखिए," मॅडम बाबांना म्हणाल्या, "हमारा पहला बैच है. रिज़ल्ट हंड्रेड परसेंट चाहिए. इसमें बच्ची का ही भला है."

एक टाइप केलेला कागद बाबांपुढे ठेवला. इंग्रजीत. तो नमुना होता, तसाच अर्ज बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा होता. मी माझ्या मुलीचं नाव स्वतःच्या इच्छेने शाळेतून काढून घेत आहे. ती बाहेरून परीक्षेला बसेल. शाळेची कुठलीही जबाबदारी राहणार नाही.

"जी, मॅडम," बाबा म्हणाले. "जी."

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं.

मी बाबांच्या हाताकडे बघत होते. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे मसुदे लिहिणारा हात. आता माझा मसुदा लिहायला निघाला होता. माझी इच्छा म्हणून.

"मॅडम," मी म्हणाले. "करण का फॉर्म कहाँ है?"

"व्हॉट?"

"करण के चौबीस हैं. मेरे अट्ठाईस." मी पुढे म्हणाले, "अट्ठाईस बड़ा है या चौबीस?"



"ये क्या बदतमीज़ी है," सर म्हणाले.

"मैथ्स का ही सवाल है, सर."

"उसकी बात अलग है," मॅडम म्हणाल्या.

"क्या अलग है?"

त्यांना सांगता येत नव्हतं. सांगायला गेलं तर जे तोंडावर आलं असतं ते त्या केबिनमध्ये म्हणायची पद्धत नव्हती. वर्गात होती.

"इसमें लिखा है अपनी इच्छा से," मी म्हणाले. "मेरी इच्छा नहीं है. पापा लिखेंगे तो मैं नीचे लिख दूँगी कि मेरी इच्छा नहीं थी."

मॅडम बाबांकडे वळल्या. "आप समझाइए इसे."

बाबांनी पेनाकडे पाहिलं. मग टोपण लावलं. "घर जाकर सोचते हैं, मॅडम," ते म्हणाले. एवढंच. पण टोपण लावलं.

आम्ही बाहेर आलो. शबनमचे अब्बा आत जायला उठलेच होते. त्यांनी बाबांना हळूच विचारलं, "भाईसाहब, साइन करना है क्या?"

बाबा म्हणाले, "जी. वही एक कागज़ है."

मी ऐकलं. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. आतून मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी काही बोलले नाही. शबनम आत गेली. आम्ही बसस्टॉपकडे चालू लागलो.

घरी आल्यावर बाबा भडकले. "तुला माहीत आहे किती जणांसमोर हात जोडलेत मी तुझ्या ॲडमिशनसाठी? तिथे तोंड चालवायची काय गरज होती?"

"जयंतीला स्टेजवर तुम्हीच सांगता ना, मान खाली घालू नका म्हणून?"

बाबा ताटावरून उठले. आई म्हणाली, "बास झालं आता. दोघांचंही." आठवडाभर आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पण बाबांनी तो अर्ज दिला नाही. शाळेतून दोनदा निरोप आला, तरीही दिला नाही. माझा फॉर्म बोर्डाकडे गेला. माझं बरोबर होतं असं ते कधीच म्हणाले नाहीत.

एका रविवारी ते म्हणाले, "चल, तयार हो," आणि मला दिल्लीत मुनिरकाला घेऊन गेले. त्यांच्या ऑफिसातल्या एकांची भाची तिथे भाड्याच्या खोलीत राहायची. परभणीची. विद्यापीठात गणितात पीएचडी करत होती. मी तिला ताई म्हणायला लागले. खोलीला एक खिडकी, तिच्यासमोर हातभरावर दुसऱ्या घराची भिंत. दुपारीही दिवा लावावा लागायचा.

पहिल्याच दिवशी तिने एक गणित घातलं. मला येईना. डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रड," ताई म्हणाली. "खोली लहान आहे."

मी जिन्यात जाऊन रडले. परत आले. गणित तिथेच होतं.

तिची एक पद्धत होती. प्रश्न इंग्रजीत मोठ्याने वाचायचा. मग तो तिला मराठीत समजावून सांगायचा. मग इंग्रजीत सोडवायचा. मी लंब म्हणाले तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर. पुढं."

एकदा तिने सहज सांगितलं, "मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षी नापास झाले होते. सगळ्यांना सांगत असते. आपण लपवलं की लोक त्याचाच दगड करून मारतात."

दर रविवारी दोन बस बदलून मी जात राहिले. मार्चपर्यंत.

मेमध्ये निकाल लागला. गणितात एकतीस.

बाकी सगळ्यांत पास. गणितात दोन मार्कांनी नापास. कम्पार्टमेंट, म्हणजे त्या एकाच विषयाची पुन्हा परीक्षा. करणला सेहेचाळीस. शाळेचा शंभर टक्के निकाल हुकला, आणि तो माझ्यामुळे हुकला. मार्कशीट आणायला गेले तर सर व्हरांड्यात उभे.

"ले डूबी ना," ते म्हणाले. "कहा था."

ते म्हणाले होते तसंच झालं होतं. हे गिळणं सगळ्यात कडू. केबिनमध्ये एवढं बोलले आणि शेवटी मार्कांनी त्यांच्याच बाजूने साक्ष दिली. आई म्हणाली, "सोड बाई आता ते गणित. हिंदी घेऊन बीए कर. कोण विचारतंय?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी ताईकडे गेले. तिने निकाल ऐकला, म्हणाली, "पेपर आणलास?" प्रश्नपत्रिका काढून तिने सगळा पेपर माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला, पहिल्या प्रश्नापासून. संभाव्यतेच्या गणितावर तिचं बोट थांबलं. प्रश्नात होतं, ॲट लीस्ट वन. मी 'फक्त एक' समजून सोडवलं होतं.

"किमान एक," ताई म्हणाली. "एक तरी. गेलं ते इथं गेलं."

मी ते गणित बघत बसले. मला संभाव्यता येत होती. तीन शब्द येत नव्हते. दोन वर्षं रोज त्या वर्गात बसले आणि हे तीन शब्द विचारायची माझी हिंमत झाली नव्हती, कारण विचारलं असतं तर हसले असते.

कम्पार्टमेंटची परीक्षा दिली. अडुसष्ट पडले. तोवर कॉलेजांच्या याद्या लागून बंद झालेल्या. एक वर्ष गेलं. ते कुणी परत देणार नव्हतं.

सर्टिफिकेट घ्यायला शेवटची शाळेत गेले. सर ऑफिसात चहा पीत होते. माझी मार्कशीट बघून क्लार्कला म्हणाले, "देखा? डाँट काम आती है." मग मला, "मिठाई कहाँ है?"

"आपने मुझे कुछ नहीं पढ़ाया, सर," मी म्हणाले. सर्टिफिकेट उचललं.

क्लार्कला मी शबनमचं विचारलं. तो म्हणाला, उसने तो फिर फॉर्म ही नहीं भरा.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. सेक्टरांच्या मधोमध दबून राहिलेल्या एका जुन्या गावात त्यांची खोली. तिला सुट्टी होती म्हणून ती भेटली. एक्सपोर्टच्या कपड्यांच्या फॅक्टरीत लागली होती. शिवलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. वर्गात वहीच्या मागच्या पानांवर ती घरांचे नकाशे काढायची.

मी म्हणाले, मी पास झाले.

"अच्छा," ती म्हणाली. मग, "तेरे अट्ठाईस थे. मेरे तीस थे."

मी मान खाली घातली.

"तू अंदर बोल रही थी ना, बाहर सब सुनाई दे रहा था," ती म्हणाली. "मैंने सोचा, बाहर आके मेरे अब्बू को भी बोलेगी."

"मेरे पापा ने कहा, वही एक कागज़ है. मैंने सुना. मैं चुप रही."

"हाँ," शबनम म्हणाली. "मैं वहीं खड़ी थी."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, अजून फॉर्म भर, मी शिकवते. ती म्हणाली, रविवारची सुट्टीसुद्धा दर आठवड्याला मिळत नाही. बघू, असंही ती म्हणाली नाही. मला दारापर्यंत सोडायला आली आणि आत गेली.

आमच्याकडे सगळे म्हणतात, पोरगी लढली. लढले म्हणजे काय केलं? मी अठ्ठावीस आणि चोवीस मोजले. तीस मोजले नाहीत. शबनमचे मार्क मला तोंडपाठ होते. माझ्याच पेपरच्या आधी ते वर्गात वाचले होते. तरी केबिनमध्ये मी फक्त स्वतःचा आकडा घेऊन उभी राहिले. सरांनी माझ्याशी जे केलं ते मी माफ केलेलं नाही. माझं हेही मी माफ करणार नाही.

ऑक्टोबर आला. बोर्डाच्या फॉर्मचे दिवस. मी सकाळी शाळा सुरू व्हायच्या आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत, बिचकत आत जाणारे आईबाप लगेच ओळखू येतात. मी एकेकाला गाठून सांगायला लागले, "अंकल, आपको बुलाया है? वो कागज़ मत लिखिए. ज़बरदस्ती नहीं कर सकते. मैंने नहीं लिखने दिया था." एक बाई थांबली. एका माणसाने मलाच झिडकारलं. चौकीदार आला, म्हणाला, मॅडम बोल रही हैं, यहाँ से हटो.

मी हटले. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तिथून फाटक चांगलं दिसत होतं. फुटपाथ शाळेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही. हा कागद ज्या ज्या वर्षी निघेल, त्या त्या वर्षी मी इथे येणार. आणि या वेळी सगळ्यांचे आकडे घेऊन येणार.