हितं न्हाय

आमच्या शेळगावात गरिबीला गरिबी म्हणत नाहीत. कुणाची 'परिस्थिती नाही', कुणाचं 'बेताचं चाललंय', अन् एखादा अगदीच उघडा पडला तर 'त्याचं काय खरं नाही'. 'गरीब' हा शब्द आम्ही न मारणाऱ्या म्हशीसाठी राखून ठेवलाय.

म्हणून तर माहिती गोळा करायला आलेल्या शहरातल्या निकिताची पंचाईत झाली. माझ्या शेजारच्या बनामावशीला तिनं विचारलं, "आजी, तुम्ही गरीब ना?"

"मी कसली गरीब? माझ्या तोंडाला गाव भितंय. गरीब आमचा मानसिंग. बायकूपुढं शब्द काढत न्हाय."

निकितानं काय टिपून घेतलं ठाऊक नाही. मी मात्र महिनाभर पारावर हेच सांगत होतो.

मानसिंग तिचा एकुलता एक पोरगा. बारामती एमआयडीसीत कामाला. मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता, पण तीन वर्षं फिरकला नाही. मावशी दोन भाकरी थापते, एक खाते, दुसरी सकाळला ठेवते. बोलायला कुणी नाही म्हणून माझ्याशी भांडते. मी आजारी पडलो की तिचे हाल.

यंदा तिचे गुडघे गेले, खुरपायला जाणं थांबलं. निराधारचा पगार चालू करावा म्हणून मी अर्ज आणला. म्हटलं, मावशी, या वयात सरकारी नोकरी लागतीय तुला. ती हसली. मग रकाना आला: सांभाळणारे कोणी आहे का? मी 'नाही' लिहायला पेन टेकवला, तर तिनं मनगटच धरलं.

"जित्ता हाय की त्यो. त्याला इचार, मग लिव्ह."

मी फोन लावला. मागं यंत्रांचा धडधडाट. मानसिंगनं सगळं ऐकलं, "लिवा की तात्या" एवढंच म्हणाला अन् फोन ठेवला.

मावशीला सांगितलं, कामावर हाय, काय ऐकूच येईना.

"सर्जेराव, तुला खोटं बी धड बोलता येईना आता," ती म्हणाली. मग बराच वेळ चुलीतली गार राख सारखी करत बसली.

"लिव्ह. पण नुसतं न्हाय नको. हितं न्हाय, असं लिव्ह."

रकाना बोटभर. कचेरीत खोडायचं तर खोडतील. अक्षर बारीक करून मी दोन्ही शब्द बसवले, तिला वाचून दाखवले, तेव्हा कुठं तिनं अंगठा पुढं केला.