सहीशिवाय मुलाखत

कांतानं फॉर्म माझ्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतला, त्याची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "बोलायचं ते सगळं बोलते, ताई. सही नाय करायची."

मी तेव्हा फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. म्हणजे घरोघरी जाऊन मुलाखती घेणारी. बऱ्याच देशांत एकाच वेळी एक अभ्यास चालू होता: ज्या बाईचा जीव बाईवर आहे, ती कशी राहते, घर, दवाखाना, कायदा यांत तिचं कुठं अडतं. आमच्या भागाचं काम माझ्याकडं होतं. अशा बायका दारावर पाटी लावून बसत नाहीत. कांता आणि शोभापर्यंत पोचायला मला चार महिने लागले होते. दोघींची नावं इथं बदलली आहेत.

शहरातल्या मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागं त्यांची एक खोली होती. कांता एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, शोभा शाळेचे युनिफॉर्म शिवायची. शेजारी त्यांना मावसबहिणी समजत. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. निम्मी खोली पाण्याच्या ड्रमांनीच अडवलेली.

फॉर्म म्हणजे कन्सेंट फॉर्म. मी राजीखुशीनं बोलतेय, नको वाटलं तर थांबेन, असं त्यावर लिहिलेलं असतं. खाली सही. हा कागद बोलणाऱ्याच्या रक्षणासाठी असतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

कांता का अडली, ते शोभानं सांगितलं. आधीच्या एका दुष्काळात दोघी चारा छावणीत भेटल्या. शोभाच्या घरची बैलजोडी तिथं होती. कांताच्या घरच्यांनी मेंढरं विकून टाकली होती, म्हणून ती चारा उतरवायला रोजानं यायची. हजेरीला अंगठा लावायची. शोभानं तिला आठ दिवसांत सही शिकवली. पुढं दोघी शहरात आल्या, तर शोभाचे भाऊ दोघींना गावी घेऊन गेले. चार माणसांत बसवून कागद केला, पुन्हा भेटणार नाही म्हणून. त्यावर कांताची सही घेतली. कांता एकटीच शहरात परतली.

"हिनं शिकवलेली सही," कांता म्हणाली, "अन् हिलाच सोडायच्या कागदावर."

आठ महिन्यांनी शोभा एक पिशवी घेऊन बसनं शहरात आली, ती परत गेली नाही. कागद मात्र भावांकडंच राहिला.

मी पुण्याच्या कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर डेडलाइन होती. सही नाही तर मुलाखत धरता येणार नाही, म्हणाल्या. मग त्यांनीच सुचवलं, "अंगठा चालेल."

मला तोडगा बरा वाटला. दुसऱ्या दिवशी शाईचं पॅड घेऊनच गेले. कांतानं पॅडकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ताई, सही येती मला. आता अंगठा लावू व्हय?"

मी पॅड पर्समध्ये टाकलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. शोभानं चहा टाकला आणि साखर जास्त घातली. पाहुणीला वाईट वाटलं की ती असंच करते, असं कांतानं मला हळूच सांगितलं.

त्या संध्याकाळी मी एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. अभ्यासात कुणाला इजा होऊ नये हे पाहणारी ही समिती. या बाईचं नाव कागदावर राहणं हीच तिची इजा आहे, एवढंच लिहिलं. मॅडम आधी वैतागल्या, मग त्यांनीच पत्राचं इंग्रजी केलं आणि दोन ओळी स्वतःच्या घातल्या.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. फॉर्म वाचून दाखवायचा, तोंडी होकार घ्यायचा आणि सही वाचणाऱ्यानं करायची. म्हणजे मी.

मुलाखत अडीच तास चालली. मधे टँकर आला, तेव्हा तिघींनी मिळून ड्रम भरले. भांडण आधी कोण मिटवतं, या प्रश्नावर दोघींचं भांडण झालं. मी दोन्ही उत्तरं लिहिली.

पुढं कळलं, आणखी दोन देशांतूनही हीच अडचण कळवली गेली होती. शेवटी सगळीकडचा फॉर्म बदलला. तो तयार करताना चांगली शिकलेली माणसं बसली होती. ज्यांना त्यावर सही करावी लागते, त्यातली एकही बाई मात्र त्यांत नव्हती. तेव्हापासून कुठलाही फॉर्म छापायला देण्याआधी मी तो ज्यांच्याकडून भरून घ्यायचा, त्यांच्यातल्या दोन बायकांना वाचून दाखवते. छपाई लांबते, पण पत्रव्यवहार वाचतो.