अठरा वायरी आणि आक्काचा दोरा

आज सकाळी आक्का गेली आणि मला हायसं वाटलं.

वाचून राग आला असेल तर येऊ दे. ज्यांनी गेली दोन वर्षं तिला ऑक्सिजनच्या नळीशी झगडताना पाहिलंय, ते समजून घेतील.

निपाणीत जन्मभर विड्या वळल्या तिनं. तंबाखूची धूळ छातीत साठली ती साठलीच. आज चेहरा इतका निवांत होता की मी दोनदा हाक मारून बघितली.

रडलोय, खोटं कशाला बोलू. पण आधी वाटलं, सुटली बिचारी.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय. फार उशीर झालाय, तरी सांगतो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी निपाणीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागलो. टेम्पररी. आमच्या गल्लीतून ऑफिसात खुर्चीवर बसणारा पहिलाच.

आई-बाप लहानपणीच गेलेले. मला शिकवलं ते या थोरल्या बहिणीनं.

कॉलेजनं कॉम्प्युटर घेतला, नवाकोरा. प्रिंटर मात्र सेकंडहॅन्ड, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. त्याच्याबरोबर केबलच आली नाही.

नवी केबल बेंगळूरहून यायला पंधरा दिवस. आणि ॲडमिशनची यादी सोमवारी बोर्डावर लागायची होती.

मी उठून म्हणालो, सर, केबल मी बनवतो.

कुणी विचारलं नव्हतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, सोमवारी यादी निघाली तर याची नोकरीची ऑर्डर पक्की करू, नाहीतर टायपिस्ट आहेच, मग हा कॉम्प्युटर ऑपरेटर कशाला पोसायचा. सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी पहिल्या एसटीनं बेळगाव गाठलं. सुटे प्लग आणि वायर घेऊन दुपारी परत.

कॉम्प्युटरकडचा प्लग पंचवीस पिनांचा, प्रिंटरकडचा छत्तीसचा. मध्ये अठरा वायरी. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून एकेक सोल्डर केली, जोडली, बटण दाबलं.

काही नाही. एक अक्षर उमटेना.

शिपायानं ऑफिसला कुलूप लावलं आणि मी केबल पिशवीत घालून घरी आलो.

रविवारी सकाळपासून ती उसवत बसलो होतो. वायरी सगळ्या राखाडी. कुठली कुठून निघाली आणि कुठं गेली, काही कळेना.

आक्का शेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मग अर्धं भरलेलं सूप तिनं बाजूला ठेवलं.

तंबाखू संपल्याशिवाय तिनं सूप खाली ठेवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

विड्या बांधायचा रंगीत दोरा तिनं ओढला. मी बॅटरी आणि बल्ब लावून वायरीची दोन टोकं शोधायची, तिनं दोन्ही टोकांना एकाच रंगाची गाठ मारायची. लाल, हिरवा, पिवळा. रंग संपले तसं दोन-दोन गाठी, मग तीन-तीन. तिची बोटं इतकी भरभर चालायची की बल्ब मागं पडायचा.

मग तिनं मॅन्युअलमधलं चित्र बघितलं. इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. हे चित्र कुणीकडनं बघून काढलंय, असं विचारलं. म्हटलं, समोरून.

"माज्यासमोर बस. उजवा हात वर कर."

केला. तिनंही आपला उजवा वर केला. माझा एका बाजूला, तिचा दुसऱ्या.

"चित्र समोरनं काढलंय आणि तू टाकं मागनं घालतुयास. मग एक नंबर कुठल्या बाजूला आला रं?"

डिप्लोमावाल्यानं प्लग फिरवून बघितला. एका टोकाला प्लगवर बारीक आकडे कोरलेले होते म्हणून ते बरोबर होतं. दुसऱ्या टोकाला आकडेच नव्हते आणि मी सगळं उलटं मोजलं होतं.

दुपारभर मी सोल्डर करत होतो आणि ती वायरी धरून बसली होती. दोनदा तरी बोट भाजलं असेल तिचं. मी विचारलं नाही.

सोमवारी साडेदहाला अख्खं ऑफिस भोवती उभं. बटण दाबलं आणि प्रिंटर कर्रर्र करत चालू झाला. पहिलं नाव आलं, दुसरं आलं, कागद घडीघडीनं खाली उतरायला लागला.

मागच्या नळावर जाऊन मी नुसता उभा राहिलो, तोंडावर पाणी मारत. नोकरी वाचली होती.

परत आलो तर प्रिन्सिपॉल सरांनी पाठ थोपटली. विचारलं, कुणाची मदत घेतलीस?

मी म्हणालो, "कुणाची नाही सर. एकट्यानं केली."

विडी वळणाऱ्या बहिणीचं नाव त्या ऑफिसात घ्यायची लाज वाटली मला. सरळ सांगतो, लाजच वाटली.

त्याच ऑफिसातून तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. सेंडऑफला प्रत्येकानं तीच केबलची गोष्ट सांगितली. आक्का पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

गेल्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून एकदाचं सगळं बोललो. म्हटलं, तुझं नाव मी कधीच सांगितलं नाही.

तिनं मास्क खाली ओढला.

"ठाव हाय रं मला. तवा सांगितलं असतंस तर त्यांनी हसून ती केबल काढून ठेवली असती. तुजी नोकरी ऱ्हायली, माजं काम झालं."

दम लागला. थांबली. मग म्हणाली,

"पर आता सांग की. आता काय काढून घेत्यात?"

तर सांगतो, सगळ्यांना.

ती केबल माझ्या आक्कानं केली.

आक्का, अखेरचा जयभीम.